खुर्चीतून उठणे : वृद्धांच्या हालचालीच्या मूल्यमापनाची एक चिकित्सा

प्रस्तावना :

खुर्चीतून उठून उभे राहणे ही क्रिया निरोगी माणसाच्या ध्यानातही येत नाही, इतकी ती अंगवळणी पडलेली असते. वार्धक्यात मात्र या एका क्रियेवर दिवसाचा बराचसा व्यवहार अवलंबून राहतो. कमोडवरून उठणे, पलंगाच्या कडेवरून उठून पाण्याचा तांब्या घेणे, बँकेतील बाकावरून उठून खिडकीपर्यंत जाणे, एस.टी.च्या आसनावरून उठून दारापर्यंत पोहोचणे ही सर्व याच क्रियेची निरनिराळी रूपे होत. जो वृद्ध कोणी हात दिल्याविना उठू शकत नाही, त्याला घरात एकटे ठेवता येत नाही. आणि त्यामुळे घरातील आणखी एका व्यक्तीचा, बहुधा सुनेचा किंवा मुलीचा, दिवस त्याच्याशी बांधला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के होते. हे लक्षात घेता, ‘उठता येते की नाही आणि कसे उठता येते’ हा प्रश्न केवळ फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांपुरता मर्यादित राहत नाही.

अलीकडे महाविद्यालयांचे शारीरिक शिक्षण विभाग आणि राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे यांच्याद्वारे ज्येष्ठ नागरिकांच्या शारीरिक क्षमतेच्या तपासण्या घेतल्या जातात. खुर्चीवर आधारलेल्या चाचण्यांना एक खुर्ची आणि एक स्टॉपवॉच एवढेच साहित्य लागत असल्याने त्या अशा उपक्रमांत सोयीच्या ठरतात. या चाचण्यांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. या चाचण्यांनी ‘किती वेळात’ व ‘किती वेळा’ या प्रश्नांची उत्तरे काटेकोर केली. परंतु ‘कशा प्रकारे’ हा मूळचा प्रश्न त्या ओघात मागे पडला. वृद्धाला प्रत्यक्ष मदत करावयाची असेल तर नेमके याच प्रश्नाचे उत्तर लागते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

निरीक्षणाकडून घड्याळाकडे :

या चाचण्यांचा इतिहास पाहता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. हालचालीच्या गुणवत्तेचा विचार ही मागाहून सुचलेली सुधारणा नाही. तो आरंभीच होता. १९८६ साली मथायस, नायक आणि आयझॅक्स यांनी ‘गेट-अप अँड गो’ या नावाची चाचणी मांडली. वृद्ध व्यक्तीने खुर्चीतून उठावे, थोडे अंतर चालून जावे, वळावे, परत यावे आणि पुन्हा बसावे, एवढेच तिचे स्वरूप होते. ४० वृद्ध रुग्णांच्या हालचालींचे चित्रीकरण करून ते वेगवेगळ्या वैद्यकीय शाखांतील निरीक्षकांना दाखविण्यात आले. निरीक्षकांनी प्रत्येक व्यक्तीला १ ते ५ असे गुण दिले. १ म्हणजे सामान्य हालचाल आणि ५ म्हणजे तीव्र स्वरूपाची बिघडलेली हालचाल. हे गुण देताना घड्याळ पाहिले जात नव्हते. हालचालीतील संथपणा, डळमळ, धडाच्या वा हातांच्या अस्वाभाविक हालचाली आणि अडखळणे पाहिले जात होते.

त्याच वर्षी अमेरिकेत मेरी टिनेटी यांनी समतोल व चालण्याचे जे मूल्यमापन मांडले, त्यात खुर्चीतून उठण्याला स्वतंत्र स्थान होते. हातांचा उपयोग न करता उठणाऱ्यास २ गुण, हातांचा उपयोग करून उठणाऱ्यास १ गुण आणि मदतीविना उठूच न शकणाऱ्यास शून्य. उठण्यासाठी किती प्रयत्न करावे लागले, उभे राहिल्यानंतरच्या पहिल्या ५ सेकंदांत तोल कसा राहिला आणि परत बसताना शरीरावर ताबा होता का, याचीही त्यात वेगळी नोंद होती. कॅनडात कॅथरीन बर्ग यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समतोल-मापनश्रेणीतही पहिली बाब बसलेल्या स्थितीतून उभे राहण्याचीच आहे. तिथे ० ते ४ गुण हे हातांचा आधार, प्रयत्नांची संख्या व मदतीची गरज यांवरून ठरतात.

१९९१ मध्ये कॅनडातील पॉडसियाड्लो आणि रिचर्डसन यांनी ‘गेट-अप अँड गो’ला घड्याळाची जोड दिली. पाच गुणांच्या श्रेणीतील मधले गुण संदिग्ध आहेत, ही त्यांची हरकत रास्त होती. ‘थोडी बिघडलेली’ आणि ‘मध्यम बिघडलेली’ हालचाल यांमधील रेषा कोणी व कोठे आखावयाची, याला उत्तर नव्हते. त्यांनी गुण काढून टाकून उठणे, ३ मीटर चालणे, वळणे, परत येणे व बसणे या सर्व क्रियेला लागणारे सेकंद मोजले. चाचणी ‘टाइम्ड अप अँड गो’ या नावाने जगभर पसरली. मोजमाप नेमके झाले. परंतु या बदलाची एक किंमतही होती. मूळ चाचणीत निरीक्षक वृद्धाकडे पाहत होता. नव्या चाचणीत तो घड्याळाकडे पाहू लागला.

केवळ उठण्याबसण्याच्या चाचण्यांचा प्रवासही याच दिशेने झाला. १९८५ मध्ये सुका आणि मॅकार्टी यांनी १० वेळा उठण्यास लागणारा वेळ पायांच्या शक्तीचा निदर्शक म्हणून मांडला. १९९४ मध्ये गुराल्निक व सहकाऱ्यांनी समतोल, चालण्याचा वेग आणि ५ वेळा उठण्याचा वेळ यांचा संच सिद्ध केला. पुढे १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील जोन्स, रिक्ली आणि बीम यांनी ३० सेकंदांत किती वेळा उठता येते, ही मोजणी प्रचारात आणली. ज्यांना ठरावीक संख्या पूर्णच करता येत नाही अशा दुर्बल व्यक्तींनाही काही ना काही गुण मिळावेत, ही त्यामागील दृष्टी होती व ती योग्यच होती.

सेकंद नेमके काय मोजतात? :

कोणत्याही मापनसाधनाबाबत पहिला प्रश्न सप्रमाणतेचा असतो : जे मोजावयाचे आहे तेच मोजले जाते काय? या कसोटीवर खुर्चीच्या चाचणीची स्थिती विचार करण्याजोगी आहे. वयपरत्वे होणारी स्नायूंची झीज, म्हणजे सार्कोपेनिया, हिच्या निदानासाठी युरोपीय तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये सुधारित निकष प्रसिद्ध केले. त्यांत ५ वेळा उठण्यास १५ सेकंदांहून अधिक वेळ लागणे हे स्नायूंच्या अशक्ततेचे लक्षण मानले आहे. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांत हीच चाचणी आहे. मात्र तिथे १२ सेकंद वा त्याहून अधिक वेळ हे शारीरिक कार्यक्षमता कमी असल्याचे लक्षण मानले असून, शक्तीच्या मोजमापासाठी हाताच्या पकडीचा वेगळा निकष ठेवला आहे. एकच खुर्ची, एकच क्रिया, परंतु एका ठिकाणी ती शक्ती मोजते आणि दुसऱ्या ठिकाणी कार्यक्षमता. हा फरक केवळ नामकरणाचा नाही. सेकंदांच्या आकड्यामागे काय दडलेले आहे, याविषयी एकवाक्यता नसल्याचे ते द्योतक होय.

ऑस्ट्रेलियातील स्टीफन लॉर्ड व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये या प्रश्नाचा शोध घेतला. वृद्धांचा उठण्याबसण्याचा वेळ पायांच्या शक्तीखेरीज दृष्टी, पायांतील संवेदना, प्रतिसादाचा वेग, समतोल आणि मानसिक स्थिती यांवरही अवलंबून असतो, असे त्यांना आढळून आले. याचा व्यावहारिक अर्थ एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, दोन वृद्ध स्त्रियांना ५ वेळा उठण्यास प्रत्येकी १४ सेकंद लागले. गुराल्निक यांच्या श्रेणीत १३.७० ते १६.६९ सेकंदांना ४ पैकी २ गुण आहेत. तेव्हा दोघींनाही २ गुण मिळतील. आता पहिलीच्या मांडीचे स्नायू दुबळे आहेत आणि ती प्रत्येक वेळी अंग पुढे झोकून, गतीच्या जोरावर उठते. दुसरीचे स्नायू ठीक आहेत. परंतु ती पूर्वी एकदा पडलेली असल्याने प्रत्येक वेळी उभी राहिल्यावर थांबते, पाय चाचपते व मगच बसते. पहिलीला स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामाची गरज आहे. दुसरीला तोलाचा सराव, आत्मविश्वास आणि कदाचित चष्म्याच्या तपासणीची गरज आहे. गुणपत्रकावर मात्र दोघी सारख्याच दिसतात.

याशिवाय नोंदीच्या नियमांतही भिन्नता आहे. ५ वेळा उठण्याच्या काही पद्धतींत पाचव्यांदा पूर्ण उभे राहताच घड्याळ थांबवितात, तर काहींत पाचव्यांदा परत बसल्यावर. दोन पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून केलेली तुलना त्यामुळे सदोष ठरते. आपल्याकडील लघुशोधप्रकल्पांत चाचणीचे नाव दिले जाते. घड्याळ केव्हा थांबविले आणि खुर्चीची उंची किती होती, हेही त्याबरोबर नोंदविले गेले पाहिजे.

उठण्याच्या क्रियेतील अवस्था :

‘कशा प्रकारे’ या प्रश्नाचा विचार करण्यासाठी क्रियेची रचना समजून घेणे आवश्यक आहे. मार्गारेट शेंकमन व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये निरोगी तरुण व्यक्तींच्या हालचालींच्या आधारे उठण्याचे चार टप्पे सांगितले. प्रथम धड पुढे झुकते आणि शरीराला गती मिळते. मग नितंब आसनावरून सुटतात आणि पुढे जाणारी गती वर जाणाऱ्या गतीत परिवर्तित होते. त्यानंतर कंबर व गुडघे सरळ होत शरीर उभे होते. अखेरीस उभ्या स्थितीत तोल स्थिरावतो.

यांपैकी दुसरा टप्पा सर्वांत जोखमीचा होय. आसनाचा आधार सुटलेला असतो, गुडघे वाकलेले असतात आणि शरीराचा गुरुत्वमध्य दोन पावलांच्या लहानशा क्षेत्रावर आणून ठेवावयाचा असतो. धड पुरेसे पुढे न झुकल्यास माणूस अर्धा उठून मागे खुर्चीत कोसळतो. कंपवाताच्या रुग्णांत हे वारंवार पाहावयास मिळते. धड प्रमाणाबाहेर झोकल्यास तो पुढे पडतो. गुडघ्यांत वेदना असणारी व्यक्ती धड अधिक झुकवून गुडघ्यांवरचा भार कमरेकडे वळविते. पक्षाघातानंतर अनेकजण भार चांगल्या पायावर टाकून उठतात. हे सर्व प्रकार एकाच वेळेत पूर्ण होऊ शकतात. म्हणून वेळ हा या प्रक्रियेचा परिणाम आहे. तिचे वर्णन नाही.

खाली बसण्याच्या क्रियेकडे तर याहून अधिक दुर्लक्ष झालेले आहे. ३० सेकंदांच्या चाचणीत वेळ संपताना व्यक्ती अर्ध्याहून अधिक उठलेली असेल तर ते पूर्ण उठणे धरावे, इतका बारकाईचा नियम आहे. ती व्यक्ती खाली बसताना हळूवार टेकली की धपकन आदळली, याची नोंद करण्यास मात्र जागा नाही. उलट, जो अंग सैल सोडून खुर्चीत आदळतो त्याचा वेळ वाचतो आणि गुण वाढतात. या संदर्भात २०१३ मध्ये कॅनडातील स्टीफन रॉबिनोविच व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास उद्बोधक आहे. वृद्धांच्या निवासी देखभालगृहांतील १३० व्यक्तींच्या २२७ पडण्याच्या घटना त्यांनी कॅमेऱ्यांतील प्रत्यक्ष चित्रीकरणावरून तपासल्या. त्यांपैकी ४१ टक्के घटनांचे कारण शरीराचा भार चुकीच्या रीतीने सरकणे हे होते. ठेच लागण्याचा वाटा २१ टक्के होता. आणि १२ टक्के घटना खाली बसत असताना घडल्या होत्या. जी क्रिया अनेकांना पाडते, त्याच क्रियेतील बेफिकिरीला चाचणीत गुण मिळावेत, ही विसंगती दूर होणे अगत्याचे आहे.

हाताचा आधार आणि शून्य गुण :

खुर्चीच्या बहुतेक चाचण्यांत हात छातीवर घडी घालून ठेवावयास सांगितले जाते. पायांची शक्ती मोजावयाची असल्याने ही अट समजण्याजोगी आहे. परंतु तिचा परिणाम तपासावयास हवा. अमेरिकेतील रोग नियंत्रण केंद्राच्या ‘स्टेडी’ या उपक्रमातील सूचनेनुसार, उठण्यासाठी हात वापरावे लागल्यास ३० सेकंदांच्या चाचणीत शून्य गुण नोंदवावयाचे असतात. म्हणजे खुर्चीच्या हातांवर रेटा देऊन दहा वेळा सुरक्षितपणे उठू शकणारी आजी आणि अजिबात उठू न शकणारी आजी, या दोघींच्या नावापुढे एकच आकडा लिहिला जातो.

वस्तुतः हाताचा आधार घेणे हे पुष्कळदा शहाणपणाचे लक्षण असते. नेदरलँड्समधील यान्सेन, बुसमन आणि स्टाम यांनी २००२ मध्ये उठण्याच्या क्रियेवरील संशोधनाचा जो आढावा घेतला, त्यात खुर्चीचे हात, आसनाची उंची आणि पावलांची जागा हे तीन घटक निर्णायक आढळले. उंच आसनामुळे गुडघ्यावरील भार ६० टक्क्यांपर्यंत व कमरेवरील भार ५० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो. खुर्चीच्या हातांचा उपयोग केल्यानेही भार बराच हलका होतो. जी व्यक्ती पावले आपणहून मागे घेते, आसनाच्या कडेला सरकते, हातांनी रेटा देते आणि मग उठते, तिने आपल्या शरीराच्या मर्यादा ओळखून एक युक्ती शोधली आहे. टिनेटी व बर्ग यांच्या श्रेणींत या युक्तीला कमी का होईना, पण गुण होते. घड्याळाच्या चाचणीत ती चूक ठरते.

याचा मानसिक परिणामही दुर्लक्षिण्याजोगा नाही. चार लोकांदेखत घेतलेल्या तपासणीत ‘तुम्हांला शून्य’ असे ऐकून परतलेला वृद्ध घरी गेल्यावर कमी उठतो, कमी चालतो. आणि कमी उठल्याने अधिक दुबळा होतो. कुटुंबीयही ‘आता वय झाले, बसूनच राहा’ असे म्हणू लागतात. मोजमाप ज्याच्या हितासाठी करावयाचे, त्याचेच अहित होण्याची शक्यता येथे उत्पन्न होते.

खुर्ची कोणाची? :

३० सेकंदांच्या चाचणीसाठी सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीचे आसन असलेली, पाठ सरळ असलेली, हातांविना व भिंतीला टेकवून ठेवलेली खुर्ची सांगितलेली आहे. ‘टाइम्ड अप अँड गो’मधील खुर्ची सुमारे ४६ सेंटिमीटर उंचीची आणि हात असलेली आहे. आपल्याकडील शिबिरांत मात्र सभामंडपातील हात असलेली प्लॅस्टिकची खुर्चीच सहज हाती येते. तिचे आसन मागे उतरते, पाय वजनाने फाकतात आणि गुळगुळीत फरशीवर ती सरकते. अशा खुर्चीवरील आकडे प्रमाणित खुर्चीवरील आकड्यांशी जुळवून पाहणे शास्त्रीयदृष्ट्या अयोग्य होय. त्यातच एकच आसन सर्वांना सारखे नसते. उंच पुरुषाला ते खोल पडते, तर बुटक्या स्त्रीचे पाय जेमतेम जमिनीला टेकतात.

तुलनेसाठी वापरल्या जाणाऱ्या तक्त्यांचाही विचार करावा लागतो. रिक्ली व जोन्स यांचे वयोगटनिहाय मानदंड ७,००० हून अधिक अमेरिकन ज्येष्ठ नागरिकांच्या चाचण्यांतून सिद्ध झालेले आहेत. ‘स्टेडी’च्या तक्त्यानुसार ७० ते ७४ वयाच्या स्त्रीने ३० सेकंदांत १० पेक्षा कमी वेळा, आणि त्याच वयाच्या पुरुषाने १२ पेक्षा कमी वेळा उठणे हे सरासरीपेक्षा कमी मानले जाते. हे आकडे उपयुक्त आहेत. परंतु ज्या स्त्रीचे आयुष्य पाटावर, चुलीपुढे, शेतात वाकून किंवा उकिडवे बसून गेले आणि जिच्या घरात खुर्ची पाहुण्यांसाठी असते, तिच्या क्षमतेचे ते किती प्रामाणिक चित्र देतात, याची शहानिशा आपल्या परिसरात स्वतंत्रपणे व्हावयास हवी. अशी स्त्री खुर्चीतून सहज उठेल, परंतु देवघरासमोरून उठताना तिला भिंतीचा आधार लागेल; आणि तिची खरी अडचण चाचणीत येणारच नाही. साडीमुळे गुडघे व पावले झाकली जातात, हाही निरीक्षणातील व्यावहारिक अडथळा आहे. पावले दिसतील इतपत निऱ्या वर घेण्याची विनंती स्त्री-निरीक्षकाने केल्यास तो सुटू शकतो.

जमिनीवरून उठण्याच्या दृष्टीने ब्राझीलमधील क्लॉडिओ अराउजो यांच्या गटाचे काम लक्षणीय आहे. ५१ ते ८० वयोगटातील २,००२ व्यक्तींचा त्यांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या चाचणीत जमिनीवर बसण्याला ५ आणि उठण्याला ५ गुण असतात. हात, गुडघा इत्यादींचा प्रत्येक आधार घेतल्यास १ गुण आणि तोल डळमळल्यास अर्धा गुण वजा होतो. वेळ मोजला जात नाही. कमी गुण मिळविणाऱ्यांत पुढील काळातील मृत्यूचे प्रमाण अधिक आढळल्याने वृत्तपत्रांनी तिला आयुष्य सांगणारी चाचणी बनविले. हा अतिरेक होय. संबंध आढळणे आणि कारण सिद्ध होणे या भिन्न बाबी आहेत. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने तिचे महत्त्व निराळे आहे : हालचालीची रीत साध्या नियमांनी गुणांत मांडता येते, हे ती दाखवून देते.

घड्याळाची बाजू :

येथवरच्या विवेचनावरून वेळेचे मोजमाप निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. वेळ मोजण्यास प्रशिक्षण फारसे लागत नाही. दोन निरीक्षकांच्या आकड्यांत फरक कमी पडतो. सहा महिन्यांनी पुन्हा मोजल्यास सुधारणा वा घसरण दिसते. गुराल्निक व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखविले की, ज्या वृद्धांना तोवर कोणतेही अपंगत्व नव्हते, त्यांच्यापैकी या चाचणीसंचात कमी गुण मिळविणाऱ्यांना पुढील चार वर्षांत अपंगत्व येण्याची शक्यता अधिक होती. मोठ्या समूहातून जोखमीच्या व्यक्ती वेगळ्या काढण्यासाठी घड्याळाइतके स्वस्त साधन नाही.

निरीक्षणाच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. निरीक्षकाचा अनुभव, थकवा, वृद्धाविषयीचा पूर्वग्रह यांचा गुणांवर परिणाम होतो. किंबहुना याच दोषामुळे १९९१ मध्ये घड्याळ आले. तेव्हा प्रश्न घड्याळ की निरीक्षण असा नसून, कोणत्या कामासाठी कोणते साधन, असा आहे. कोणाकडे लक्ष द्यावे हे घड्याळ सांगते. कशाकडे लक्ष द्यावे हे मात्र हालचाल पाहिल्यावरच कळते.

गुणवत्ता म्हणजे काय? :

हालचालीची गुणवत्ता म्हणजे तरुण माणसाच्या हालचालीशी असलेले साम्य, असा अर्थ अनेकदा गृहीत धरला जातो. तो स्वीकारल्यास प्रत्येक वृद्ध कमी-अधिक प्रमाणात सदोषच ठरेल. प्रस्तुत लेखकाच्या मते गुणवत्तेचे निकष क्रियेच्या हेतूवरून ठरविले पाहिजेत. ती क्रिया सुरक्षित आहे काय, उभे राहिल्यावर तोल टिकतो काय, ती विनावेदना व बेताच्या श्रमात होते काय, आणि आसन बदलले तरी ती व्यक्ती आपली रीत बदलून उठू शकते काय, हे चार निकष त्या दृष्टीने पुरेसे वाटतात. संथ पण स्थिर उठणे हे या निकषांवर वेगवान पण डळमळीत उठण्यापेक्षा श्रेष्ठ ठरेल.

या निकषांना अनुसरून वेळेच्या नोंदीशेजारी पुढील सहा बाबींची नोंद करता येईल :

१) तयारी : उठण्यापूर्वी व्यक्ती पुढे सरकते काय, पावले मागे घेते काय.
२) हात : हात लागले काय, लागल्यास खुर्चीवर, मांडीवर की दुसऱ्या व्यक्तीवर.
३) प्रयत्न : पहिल्याच प्रयत्नात उठता आले की मागे कोसळून पुन्हा प्रयत्न करावा लागला.
४) भार : दोन्ही पायांवर सारखा भार दिसतो की शरीर एका बाजूस कलते.
५) स्थैर्य : उभे राहिल्यावर पहिल्या ५ सेकंदांत पावले हलवावी किंवा आधार शोधावा लागतो काय.
६) बसणे : खाली बसताना शरीरावर ताबा असतो की शेवटच्या टप्प्यात अंग सोडले जाते.

या बाबींपैकी बहुतेक पूर्वसूरींच्या श्रेणींत विखुरलेल्या आहेत. त्या एकत्र आणणे एवढाच येथील प्रयत्न आहे. ही यादी प्रमाणित चाचणी नाही. तिचे गुण बेरजेत मिळवू नयेत. ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढीच नोंद करावी, म्हणजे १ ते ५ श्रेणीतील मधल्या गुणांचा संदिग्धपणा टळेल. दोन निरीक्षकांनी परस्परांना न दाखविता नोंदी कराव्यात व त्यांतील एकमताचे प्रमाण काढावे. वेळ मोजण्यापूर्वी एकदा नेहमीच्या रीतीने, हातांची अट न घालता, उठावयास सांगावे. कारण घाई करण्याची सूचना मिळताच स्वाभाविक रीत बदलते. शेजारी आधार देण्यास कोणीतरी उभे असणे आणि वेदना अथवा भोवळ जाणवल्यास चाचणी थांबविणे हे तर अनिवार्यच होय.

नव्या तंत्रज्ञानाचा विचार :

शरीरावर बांधावयाचे संवेदक आणि मोबाईलवरील चित्रीकरण यांमुळे हालचालीची रीत पुन्हा मोजमापाच्या कक्षेत येत आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४०५ व्यक्तींनी घरीच मोबाईलवर आपल्या ५ वेळा उठण्याचे चित्रीकरण केले आणि संगणकाने त्यातून सांध्यांचे कोन काढले. धड किती झुकते याचा अस्थिसंधिवाताच्या निदानाशी संबंध असल्याचे त्यात दिसून आले. १९८६ साली निरीक्षकांनी चित्रफितीत डोळ्यांनी जे टिपले, ते आता यंत्र अंशांत सांगू लागले आहे. तथापि यंत्राला पुरेसा प्रकाश, योग्य कोन व न झाकलेले सांधे लागतात. आणि झुकण्याचा कोन कळला तरी ती व्यक्ती गुडघ्यातील वेदनेने झुकली की पडण्याच्या भीतीने, हे तिला विचारल्याविना कळत नाही. प्रश्न विचारण्याचे काम माणसाकडेच राहते.

समारोप :

खुर्चीतून उठण्याच्या चाचण्यांचा गेल्या चार दशकांचा प्रवास हा विश्वसनीयतेच्या शोधाचा प्रवास आहे. त्या शोधात हालचालीचे वर्णन गळून पडले. त्याचे दुष्परिणाम तीन दिसतात : भिन्न कारणांनी मंदावलेल्या व्यक्ती एकाच आकड्यात कोंबल्या जातात, हाताचा आधार घेण्यासारखी समंजस युक्ती अपयश ठरते, आणि खाली बसण्याची धोक्याची क्रिया नोंदीबाहेर राहते. आपल्या परिसरात खुर्चीची भिन्नता, जमिनीवर बसण्याची रीत आणि परके मानदंड यांमुळे या दोषांत भर पडते.

महाविद्यालयीन पातळीवर यासंदर्भात तीन गोष्टी सहज करता येतील. खुर्चीची उंची व घड्याळ थांबविण्याचा नियम अहवालात लिहिणे; वेळेसोबत वरील सहा बाबींची नोंद करणे; आणि तपासणीनंतर वृद्धाच्या हाती केवळ आकडा न देता एक-दोन वाक्यांचा सल्ला देणे. ‘तुमचे गुण सरासरीपेक्षा कमी आहेत’ याऐवजी ‘बसताना शेवटी अंग सोडता, तेव्हा हात टेकवून सावकाश बसा, नेहमीची खुर्ची थोडी उंच करून घ्या, आणि डावा गुडघा डॉक्टरांना दाखवा’ असे सांगता आले, तर त्या व्यक्तीला आणि तिच्याबरोबर आलेल्या सुनेला घरी गेल्यावर काय करावयाचे ते ठाऊक असेल. असा सल्ला देण्यासाठी आपल्या विद्यार्थ्यांना हालचाल पाहण्याचे शिक्षण द्यावे लागेल, आणि त्याचा समावेश अभ्यासक्रमातील प्रात्यक्षिकांत व्हावा, अशी प्रस्तुत लेखाची शिफारस आहे.